काखमांजरी

"हात वर कर," आत्याबाई म्हणाल्या.

मी डावा हात वर केला.

"तो नव्हे. दुसरा."

उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच अडला. आम्ही दोघी पेढे वळायच्या परातीपाशी समोरासमोर बसलो होतो. दोन दिवस मी डाव्या हातानं पेढे वळत होते आणि ते सगळे चपटे येत होते. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, नजरेतून वाकडा पेढा सुटत नसे, मग सून काय सुटणार! त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, माझा दंड धरला, काखेत दोन बोटं घातली आणि माझ्या तोंडून "आई गं" निघायच्या आत निकाल देऊन मोकळ्या झाल्या.

"काखमांजरी!"

मी हात झटकन खाली घेतला.

आता आधीच सांगते, मी चिपळूणची. लग्न होऊन घाट चढून कराडच्या अलीकडच्या या कृष्णाकाठच्या गावात आले त्याला तेव्हा दहा महिने झाले होते. काखेत गळू आलं तर आमच्या घरी त्याला गळूच म्हणत. काखमांजरी हा शब्द माझ्या कानावर उभ्या जन्मात पडला नव्हता. मला ऐकू आलं ते एवढंच, की काखेत मांजरी. आणि मांजरी खरंच माझ्या काखेत होती! त्या घटकेला नव्हती, पण सकाळी होती. तिला काखोटीला मारूनच मी माळ्याची शिडी चढले होते.

"एकदाच घेतली होती हो आत्याबाई," मी म्हटलं. "पुन्हा नाही घेणार. देवाशप्पथ."

"घेतली?" त्यांनी भुवया चढवल्या. "अगं, ती काय घ्यावी लागते? आपली आपण येते."

"आपली आपणच आली हो! मी नाही बोलावली."

"असली पीडा बोलावून कोण आणील?" त्या पुन्हा परातीपाशी बसल्या, अगदी शांतपणे. "आमच्या वन्संना तीनदा झाली होती. एकदा तर दोन्ही काखांत."

माझ्या डोळ्यांपुढं त्यांच्या वन्सं दोन्ही काखांत एकेक मांजर घेऊन उभ्या राहिल्या. मनात म्हटलं, बाई किती समजूतदार आहेत, आपणच उगीच घाबरत होतो.

"मग... ठेवायची का?" मी हळूच विचारलं.

"ठेवायची कशाला? पिकू द्यायची आणि पिकली की फोडायची. नाहीतर बिबा लावून जाळायची."

मला तिथल्या तिथं हुंदका फुटला. आत्याबाईंना वाटलं, फारच ठणकतंय. "लिंबाएवढी गाठ घेऊन दोन दिवस मुकाट बसलीस होय गं?" असं त्या म्हणाल्या, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की बोलणं गाठीचं चाललंय. भुरीचं नाव अजून कुणाच्या तोंडी नव्हतं. मी नाक पुसलं आणि हसले. रडता रडता हसणारी सून बघून आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

भुरी म्हणजे माझी मांजरी. आणि ती घरात असणं म्हणजे काय होतं, हे कळायला आमचं घर सांगायला हवं.

आम्ही खराडे पेढेवाले. मागच्या अंगणात भट्टी, भट्टीवर कढया, आणि घरभर आटलेल्या दुधाचा वास. नवी नवरी म्हणून उंबरा ओलांडला, त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी मला दोन नियम सांगितले. "उंबऱ्यावर बसायचं नाही आणि घरात मांजर घ्यायचं नाही." कधीकाळी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी एका बोक्यानं खव्याच्या कढईत तोंड घातलं होतं. आत्याबाईंनी ती अख्खी कढई गुरांपुढं ओतली, जत्रेत दुकान रिकामं राहिलं, आणि बोक्याची रवानगी गोणीत घालून होडीतून पलीकडच्या तीरावर झाली. त्यानंतर अंगणात नुसतं म्याव ऐकू आलं तरी आत्याबाई ओरडायच्या, "गोणी आणा रे!"

अशा घरात भुरी आली. ती मार्गशीर्षात आली आणि फाल्गुनात तिनं माळ्यावर, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांमागं, तीन पिलं घातली. माळा ही माझ्या दृष्टीनं सगळ्यांत सुरक्षित जागा. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, सात वर्षं त्या शिडीला शिवल्या नव्हत्या. दुपारी सगळे आडवे झाले, की मी माझ्या वाट्याचं दूध वाटीत घेऊन वर जायची. माहेर घाटाखाली राहिलेलं. आमचे हे दिवसभर कराडला स्टँडाजवळच्या दुकानात. आत्याबाईंशी बोलायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. भुरीला मी चिपळूणच्या सगळ्या बातम्या सांगायची, आणि ती डोळे मिटून ऐकायची.

राहता राहिले मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांच्याशी तर बोलायचंच नव्हतं. तशी रीतच होती. त्यांनी दारात खाकरायचं आणि मी पदर ओढून आत पळायचं. त्यांना काही हवं असलं तर ते भिंतीकडे बघून आत्याबाईंना सांगायचे, "चहा टाक म्हणावं." "उलथनं धुऊन ठेव म्हणावं." दहा महिन्यांत 'म्हणावं' लावल्याशिवाय त्यांचा एक शब्द माझ्यापर्यंत पोचला नव्हता. भारदस्त माणूस, झुबकेदार मिशा, भट्टीपुढं उघड्या अंगानं बसून पहाटेपासून खवा घोटायचा. मला त्यांची भीतीच वाटायची. अलीकडे मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. चैत्राचं ऊन, पुढं धगधगती भट्टी, आणि हे पुऱ्या बाह्यांचा सदरा घालून बसायचे. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाले, "थंडी वाजती." उलथनंही डाव्या हातानं फिरवायचे. पण सासऱ्यांकडे निरखून बघणं सुनेच्या जातीला शोभत नाही, म्हणून मी फार लक्ष दिलं नाही.

मला माझीच काळजी होती. भुरी हल्ली वाटीतलं दूध अर्धं टाकायची. एकदा तर तिच्या मिशांना खवा लागलेला दिसला आणि मी तो घाईघाईनं पदरानं पुसून टाकला. बाई भट्टीवर चोरी करायला लागली की काय? पिलांच्या अंगाखाली एक दिवस जुन्या इरकली लुगड्याचा मऊ तुकडा आला. हाही हिनंच दोरीवरून ओढून आणला असणार! आत्याबाई लुगडं शोधायला निघतील म्हणून मी दोन दिवस धास्तावलेली होते. पण त्यांनी शोधलं नाही.

तर त्या दुपारी आत्याबाईंनी माझ्या काखेला बिबा लावला. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, आणि त्या काळ्या तेलाची त्यांनी गाठीवर फुली मारली. "उद्या बघ, गाठ कशी पळते ते," म्हणाल्या.

गाठ कुठंही पळाली नाही. पळत सुटलं ते पुरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी काखेत ही एवढी लाललाल फोडं, आणि तिथून एक पट्टा बरगडीवरून पाठीकडे निघालेला. खाज तर अशी, की दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राहिले.

शेजारच्या सोनाकाकू विरजण न्यायला आल्या होत्या. गावात कुणाला काय झालंय हे त्या रोग्याच्या आधी ओळखायच्या. त्यांनी माझा पदर बाजूला केला आणि तोंडावर हात मारून घेतला.

"अगं बया! ही तर नागीण!"

"नागीण?" आत्याबाईंचा चेहरा उतरला.

"बघा की, कशी वळसा घालत निघालीय. हे तिचं तोंड, ही शेपटी. तोंडाला शेपटी भिडली की माणूस गेलं म्हणून समजा. लगोलग गेरू लावा."

झालं. एका काखेत मांजरी आणि त्याच अंगाला नागीण! घरी कुंडलीत एवढी जनावरं सांगितली नव्हती. सोनाकाकूंनी स्वतःच्या हातानं गेरू कालवून माझ्या अंगावर रेघ ओढली, नागिणीची वाट अडवायला. संध्याकाळपर्यंत मी रंगवलेल्या तुळशीवृंदावनासारखी दिसत होते, आणि अंगात कसकस भरली होती.

आत्याबाई मिटल्या ओठांनी घरभर फिरत होत्या. शेवटी माझ्यापाशी येऊन बसल्या.

"शालन, उद्या तुला चिपळूणला पोचवायला सांगते. महिनाभर आईकडे राहा. बरी झालीस की ये."

"नको हो आत्याबाई!"

त्या चकित झाल्या. माहेरी जा म्हटल्यावर नको म्हणणारी सून त्यांनी कधी पाहिली नसेल. "नको काय? पेढेवाल्याचं घर आपलं. अंगभर फोड आलेल्या सुनेला गिऱ्हाइकानं बघितलं तर पेढा तोंडात घालील का कुणी?"

"मी बाहेर येणारच नाही. माळ्यावर झोपीन."

"माळ्यावर? माळ्यावर कशाला?" त्या पटकन म्हणाल्या. "काही माळ्यावर जायचं नाही."

पिलांचे डोळे उघडून आठवडा झाला होता. मी महिनाभर घाटाखाली गेले, तर भुरीला वाटी कोण देणार? भुकेनं ती खाली उतरणार, भट्टीवर जाणार, आणि मग गोणी. एकीकडे काख ठणकतेय, दुसरीकडे अंग खाजतेय, आणि मला तिसरंच रडू येत होतं. आमच्या ह्यांनी रात्रीच्या जेवणाला बसताना सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "आधी घळसासी डॉक्टरला तर दाखवू." माझ्या नवऱ्यानं उभ्या संसारात केलेली ही सगळ्यांत शहाणी सूचना.

घळसासी डॉक्टर सकाळी सायकलवरून आले. सत्तरीचे, बुटके, चष्म्यावरून बघायची सवय. मामंजी नेहमीसारखे ओसरीवर, दाराकडे पाठ करून बसले. आत्याबाई माझ्याजवळ. डॉक्टरांनी गेरूच्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, "ही कुणाची कलाकुसर?"

"सोनाची. नागीण आहे म्हणाली."

"नागीण?" त्यांनी ओल्या कापसानं गेरू पुसला आणि वाकून पाहिलं. "नागिणीला आधी त्या पट्ट्यात आग होते, मग घोसानं पाणीदार फोडं येतात. हे तर बरोबर काखेतून सुरू झालंय आणि तेल ओघळावं तसं पसरलंय. खरं सांगा खराडेबाई, बिबा लावला होता ना?"

आत्याबाई दुसरीकडे बघायला लागल्या. "थोडासाच."

"थोडासाच उतलाय. नागीणबिगीण काही नाही, तुमचा बिबा आहे हा. औषध देतो लावायला, चार दिवसांत जाईल. आणि नागीण असती तरी तोंडाला शेपटी भिडून कुणी मरत नाही, हे सोनाबाईंना सांगा. आता मूळ गाठ बघू."

त्यांनी काख चाचपली. मग दुसरी काख, मान, गळा, आणि आत्याबाईंच्या देखत पोटही दाबून पाहिलं. मग माझा उजवा हात उजेडात धरला आणि बोटांपासून दंडापर्यंत तो असा बघितला, जणू काही हरवलेलं शोधताहेत.

"डॉक्टर, गाठ काखेत आहे हो," आत्याबाईंना राहवेना.

"माहीत आहे. पण काखेतली गाठ ही राखणदार असते. चोर शिरतो हातातून, आणि आरडाओरडा करते ती. काटा लागला, नख दुखावलं, दंडावर देवी टोचली, जखम चिघळली, की गाठ सुजते. हं! हे काय?"

मनगटाच्या वर, बांगड्यांच्या आड, दोन बारीक लाल पुटकुळ्या एका रेषेत उभ्या होत्या. शेजारी जुना ओरखडा. मी हात मागं ओढायला बघितला, पण म्हातारा पक्का.

"पोरी, मांजर आहे का घरात?"

मागं भट्टीवर दूध उतू जायला लागलं होतं, पण उठलं कुणीच नाही.

"आमच्या घरात मांजर?" आत्याबाई म्हणाल्या. "भलतंच!"

"मी हिला विचारतोय. मांजरानं ओरबाडलं, की कधीकधी आठपंधरा दिवसांनी अशी गाठ येते. थोडा ताप, थोडी कणकण. घाबरायचं काही नसतं, बहुतेक आपली आपण बसते. तसं असेल तर मी निश्चिंत आहे." त्यांनी चष्मा काढला. "पण मांजर नसेल तर मला थांबून चालणार नाही. मिरजेला पाठवावं लागेल. गाठीचा तुकडा काढून तपासतील. क्षयाची गाठही अशीच येते. रक्ताचे काही आजार असतात. नसेल तसलं काही, पण बघावं लागेल. तेव्हा नीट आठवून सांग. मांजर?"

"नाही," मी म्हटलं.

माझंच उत्तर मला ऐकू आलं. मिरज तर मिरज, काढू देत तुकडा! असं मी मनाशी घट्ट ठरवलं होतं. पण आत्याबाईंनी माझा खांदा घट्ट धरला होता. मी वर बघितलं. क्षय हा शब्द ऐकल्यापासून त्यांचे डोळे भरले होते. ज्या बाईनं दहा महिन्यांत माझा एकही पेढा गोल म्हटला नव्हता, ती पदराचा बोळा तोंडाशी धरून म्हणत होती, "डॉक्टर, काय वाटेल ते करा. मिरजेला मी स्वतः जाते हिच्याबरोबर. पण माझी पोर धड करून द्या."

माझी पोर म्हणाल्या त्या. मला सोसेना. भुरीसाठी मी स्वतःचा तुकडा काढून घ्यायला तयार होते, पण या बाईला असं रडवायला नाही.

"आहे," मी म्हटलं. "मांजर आहे. माळ्यावर. चार महिने झाले. मी दूध घालते. माझ्या वाटणीचं घालते हो, भट्टीवरचं नाही. तिनं नाही ओरबाडलं, शिडी चढताना घसरली म्हणून धरलं मला. तिला गोणीत घालू नका, पाया पडते मी तुमच्या."

आत्याबाईंचे डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले.

"माझ्या घरात? माझ्या माळ्यावर? चार महिने?" आवाज चढत चढत पार आढ्याला गेला. "क्षयाच्या नावानं माझं काळीज फाटायची वेळ आली, आणि तू मांजर लपवत बसलीस? अहो, ऐकलंत का? गोणी आणा! आत्ताच्या आत्ता गोणी आणा!"

ओसरीवर खाकरल्याचा आवाज आला. सवयीनं मी पदर ओढला. पण या वेळी पावलं थांबली नाहीत. मामंजी सरळ आत आले. गोणी हातात नव्हती. ते डॉक्टरांसमोर येऊन उभे राहिले आणि एक शब्द न बोलता सदऱ्याची बटणं सोडायला लागले.

"हे काय करताय?" आत्याबाई ओरडल्या. "सून बसलीय समोर!"

मामंजींनी सदरा खांद्यावरून उतरवला, कण्हत उजवा हात वर केला, आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, हेबी जरा बघा."

त्यांच्या काखेत माझ्यापेक्षा थोरली गाठ होती. आणि कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडेच ओरखडे.

डॉक्टरांनी गाठ चाचपली. मग ओरखडे पाहिले. मग माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघितलं, आणि बुटका म्हातारा असा हसत सुटला, की त्याला खुर्ची धरावी लागली.

"मांजर एकच का हो दोघांचं?"

"पांढरी, पाठीवर भुरा डाग?" मामंजींनी भिंतीला विचारलं.

"शेपटीचं टोक काळं," मी पदरातून म्हटलं.

"तीच. पहाटेला येती भट्टीवर. खरवड खाती. कढईला तोंड लावत न्हाई, लई शानी हाय." मामंजींचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता. "मागल्या महिन्यात पाठीवरून हात फिरवला, तर लाडात येऊन पंजा दिला."

"आणि तुम्ही पंधरा दिवस ही गाठ घेऊन सदरा घालून बसला?" आत्याबाई आता ओरडायचंही विसरल्या होत्या. "मला का नाही सांगितलं?"

मामंजी भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "बिबा लावशील म्हणून."

डॉक्टर पुन्हा खुर्ची धरून हसले. मला हसू दाबता येईना, आणि हसलं की काखेत कळ यायची, म्हणून मी "आई गं, आई गं" करत हसत होते. तशात मामंजी माझ्याकडे वळले. भिंतीकडे नाही, सरळ माझ्याकडे.

"तू काय नाव ठेवलंस तिचं?"

त्यात 'म्हणावं' नव्हतं. दहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या सासऱ्यांनी मला काहीतरी विचारलं होतं, आणि पदर धरून ठेवायचं भान मला राहिलं नाही.

"भुरी," मी म्हटलं. "आणि तुम्ही, मामंजी?"

मिशांच्या आत ते लाजले. "राणीसरकार."

"राणीसरकार!" आत्याबाईंचा भडका उडाला. "तेहतीस वर्षं झाली लग्नाला, मला उठता बसता 'अगं ए'! आणि ती मांजरडी राणीसरकार?"

डॉक्टरांनी तेवढ्यात बॅग आवरायला घेतली. औषध सांगितलं, ओरबाडलं की साबणानं धुवा म्हणाले, आणि तीन आठवड्यांत गाठी बसल्या नाहीत तर दोघांनी येऊन दाखवायचं, असं बजावलं.

"आणि मांजरीला ठेवा की घालवा, ते तुमचं तुम्ही बघा. गाठीसाठी तिला घालवायची गरज नाही."

मामंजी सदरा घालत होते. "गोणी आणू का?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं. आवाज अगदी पडलेला.

आत्याबाईंनी आमच्याकडे बघितलं, एकाकडून दुसऱ्याकडे.

"काही नको गोणीबिणी," त्या फणकारल्या. "घालवणार कशी? तीन पिलं अंगावर पितायत तिच्या. पाप लागेल. आणि तुम्ही दोघं मिळून मला फसवलंत, त्याचं काय करायचं ते मी नंतर बघते. मी काय वाघ आहे का, की सगळं माझ्यापासून चोरून करावं लागतं?"

वाघ आहात, असं म्हणायची हिंमत तिथं कुणातच नव्हती.

"पिलं झालीत?" मामंजींनी आनंदून मला विचारलं, आणि माझा सगळा जीव त्यांना पिलांचे रंग सांगण्यात गुंतला. त्या दिवशी आम्ही दोघं जे बोलायला लागलो ते त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत. पण ते पुढचं.

चौथ्या दिवशी माझं पुरळ ओसरलं. गाठ अजून होती, पण ठणका गेला होता. मी परातीपाशी बसून उजव्या हातानं पेढे वळत होते. मामंजी कराडला गेले होते. आत्याबाई आत आल्या, दाराला कडी लावली आणि माझ्यासमोर बसल्या.

"शालन."

"काय हो आत्याबाई?"

"तुझे हात स्वच्छ आहेत का?"

"आहेत की."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कडी नीट लागलीय का ते बघितलं, आणि उजवा हात हळूच वर केला.

"जरा बघ गं इथं. काही लागतंय का हाताला?"

मी काख चाचपली. काहीच नव्हतं. पण हात वर केल्यामुळं त्यांच्या बांगड्या कोपराकडे घसरल्या होत्या, आणि मनगटावर तीन बारीक ओरखडे होते. इतके बारीक, की ते पिलाच्या नखांचेच. आणि आजचे नव्हते, खपली धरून पडायला आलेले होते.

मग माझ्या डोक्यात एकेक उजेड पडत गेला. पिलं झालीत हे त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी बोललेच नव्हते. मामंजींना तर पिलांचा पत्ताच नव्हता. आणि इरकली लुगडं त्या घरात एकाच बाईचं होतं. मांजर फक्त आपलंच, असं त्यांनाही वाटत होतं, म्हणूनच डॉक्टरांसमोरचं माझं 'नाही' त्यांना खरं वाटलं होतं. सात वर्षं शिडीला न शिवलेली बाई, दुखऱ्या गुडघ्यांनी, कुणी बघत नाही असं बघून माळ्यावर चढत होती.

"काही नाही हो," मी म्हटलं. "सगळं साफ आहे."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि हात खाली घेतला. मी त्यांच्या बांगड्या पुन्हा मनगटावर, त्या ओरखड्यांवर, सारख्या करून दिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले आणि पेढा वळायला घेतला.

"ह्यांना सांगू नकोस," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही सांगत."

"आणि तो पेढा," त्या उठता उठता म्हणाल्या, "आज गोल आलाय."